बर्ड फ्ल्यूचा विषाणू : पक्ष्यांकडून सस्तन प्राण्यांकडे

फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे हजारो कोंबड्या मृत्युमुखी पडल्या. तपासणीत एच५एन१ हा विषाणू आढळला. भारतातील बर्ड फ्ल्यूची ती पहिली नोंद होय. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ व एक बिबट्या दगावले आणि त्यांच्याही शरीरात हाच विषाणू असल्याचे जानेवारी २०२५ मध्ये निष्पन्न झाले. पक्ष्यांचा विषाणू सस्तन प्राण्यांत कसा रुजतो, हे समजून घेणे म्हणूनच अगत्याचे आहे.

नक्कल आणि चूक

या विषाणूची आनुवंशिक माहिती आरएनएच्या आठ तुकड्यांत साठविलेली असते. पेशीत शिरल्यावर त्याच्या असंख्य नकला तयार होतात. परंतु नक्कल तपासून चूक दुरुस्त करण्याची सोय त्याच्यापाशी नसते. अशा चुकांनाच उत्परिवर्तने म्हणतात. बहुतेक चुका निरुपयोगी किंवा विषाणूलाच घातक ठरतात. एखादीच नव्या यजमानाच्या शरीरात उपयोगी पडते आणि तेथे तिचीच वाढ होते.

दोन अडथळे

पहिला अडथळा पेशीच्या दारात असतो. पक्ष्यांतील विषाणू पेशीवरील सायलिक आम्लाच्या एका विशिष्ट जोडणीला चिकटतो. माणसाच्या नाका-घशात प्रामुख्याने निराळी जोडणी असते. पक्ष्यांसारखी जोडणी फुप्फुसात खोलवर आढळते. त्यामुळे बाधित माणसाचा आजार गंभीर होऊ शकतो. मात्र खोकल्या-शिंकांवाटे तो सहजी पसरत नाही.

दुसरा अडथळा पेशीच्या आत असतो. नकला करणाऱ्या यंत्रणेतील पीबी२ या प्रथिनाला यजमानाच्या एका प्रथिनाचे साह्य लागते. हे साहाय्यक प्रथिन पक्ष्यांत व सस्तन प्राण्यांत काहीसे वेगळे असते. पीबी२ मधील ६२७ व्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी लायसिन आले, की विषाणू सस्तन प्राण्यांच्या पेशींतही जोमाने वाढू लागतो. एवढा मोठा फरक केवळ एका अमिनो आम्लाने पडतो!

मार्च २०२४ मध्ये अमेरिकेतील दुभत्या गाईंत एच५एन१ आढळला. त्या विषाणूंत पीबी२ च्या ६३१ व्या स्थानी असाच साहाय्यभूत बदल दिसून आला. गाईंच्या कासेत विषाणूची वाढ झाली व कच्च्या दुधात तो सापडला. पाश्चरीकरणाने मात्र तो निष्प्रभ होतो.

गावपातळीवरील कर्तव्य

१९९७ मध्ये हाँगकाँग येथे १८ जणांना या विषाणूची बाधा होऊन ६ जण मरण पावले. तेथील सर्व कोंबड्या तातडीने नष्ट करण्यात आल्या आणि ती साथ थांबली. एच५एन१ माणसांमाणसांत सातत्याने पसरू लागल्याचे अद्याप आढळलेले नाही. परंतु सस्तन प्राण्याला होणारी प्रत्येक बाधा ही विषाणूला मिळालेली नवी संधी असते. ती संधी नाकारणे गावाच्या हाती आहे.

कोंबड्या, कावळे वा पाणपक्षी अचानक मेलेले आढळल्यास ग्रामपंचायतीने पशुवैद्यकीय दवाखान्यास त्वरित कळवावे. मेलेले पक्षी उघड्या हातांनी उचलू नयेत, कुत्र्या-मांजरांपुढे टाकू नयेत, ओढ्या-नाल्यांतही फेकू नयेत. दूध उकळून प्यावे. मांस व अंडी पूर्ण शिजवून खावीत. शिक्षकांनी हे विद्यार्थ्यांमार्फत घरोघरी पोहोचवावे. विषाणूची चूक प्रयोगशाळेत ओळखता येते. तिला वाव न देण्याचे काम मात्र खुराड्यापाशीच सुरू होते.