जैवपाचक टाकीतील इलेक्ट्रॉनांची देवघेव

सियाचीनसारख्या हिमप्रदेशात मैला कुजत नाही. तो वर्षानुवर्षे तसाच पडून राहतो. तेथील जवानांच्या शौचालयांसाठी ग्वाल्हेर येथील संरक्षण संशोधन व विकास आस्थापनेने जैवपाचक टाकी विकसित केली. अंटार्क्टिका व इतर शीत प्रदेशांतून थंडीत तग धरणारे जिवाणू जमवून त्यांचे विरजण टाकीत घालण्यात आले. पुढे रेल्वेनेही ही पद्धत स्वीकारली. जानेवारी २०११ मध्ये ग्वाल्हेर-वाराणसी बुंदेलखंड एक्सप्रेसला अशी शौचालये बसविण्यात आली.

या टाकीत हवा नसते. मग जिवाणू जगतात कसे? अन्नाचे विघटन होताना इलेक्ट्रॉन हे ऋण विद्युत्भाराचे कण मोकळे होतात. ते कोणीतरी स्वीकारल्याविना जीवनक्रिया पुढे चालत नाही. आपल्या शरीरात ते प्राणवायू स्वीकारतो; श्वास कोंडला की जीव गुदमरतो, तो याचमुळे.

काही जिवाणूंनी यावर विलक्षण तोड काढली आहे. १९८७ साली अमेरिकेतील पोटोमॅक नदीच्या गाळात डेरेक लव्हली यांना जिओबॅक्टर वर्गातील जिवाणू सापडला. तो आपले इलेक्ट्रॉन लोहाच्या गंजाला देतो. गंजाचा कण पेशीत शिरू शकत नाही, तेव्हा इलेक्ट्रॉनच बाहेर पोचवावे लागतात. हे काम सायटोक्रोम नावाची प्रथिने करतात. आपल्या रक्तातील लाल द्रव्याप्रमाणेच त्यांत लोहयुक्त हीम असते. हीममधील लोह इलेक्ट्रॉन घेते आणि शेजारच्या हीमला देते. विहिरीवरून हातोहात घागरी पोचवाव्यात, तसे. अशा प्रथिनांची सलग तारच पेशीबाहेर निघालेली असते, हे २०१९ मध्ये सिद्ध झाले.

जैवपाचक टाकीत अशीच देवघेव सूक्ष्मजीवांच्या चार गटांत चालते. पहिला गट मैल्यातील मोठे घटक फोडतो, दुसरा त्यांची आम्ले करतो, तिसरा या आम्लांचे व्हिनेगरमधील साध्या आम्लात रूपांतर करतो आणि चौथा मिथेन वायू बनवितो. तिसऱ्याचे इलेक्ट्रॉन चौथ्याकडे बहुधा हायड्रोजन वायूच्या रूपाने जातात. मात्र जिओबॅक्टर ते मिथेनकारी सूक्ष्मजीवाला थेट देऊ शकतो, असे २०१४ मध्ये आढळून आले.

चौथा गट सर्वांत नाजूक व सावकाश वाढणारा. शौचालयात ॲसिड किंवा फिनेल ओतले की तोच आधी मरतो. मग इलेक्ट्रॉन घेणारा उरत नाही, तिसऱ्या गटाचे काम अडते, आम्ले साचतात आणि टाकी आंबते. गोबरगॅस संयंत्रात एकदम फार शेण वा खरकटे घातल्यावर गॅस का बंद पडतो, हे यावरून ध्यानी येईल. अशा वेळी काही दिवस नवा माल घालू नये. नीट चालणाऱ्या संयंत्रातील ताजी रबडी आणून विरजणासारखी मिसळावी. जैवशौचालय मात्र पाणी व ब्रश यांनीच स्वच्छ करावे, आणि त्यात प्लास्टिक, कापड वा बाटल्या टाकू नयेत. त्या कोणत्याच गटाला पचत नाहीत.