कचऱ्याचा पाठ आणि झाडूची पाळी



वेळापूर परिसरातील वस्त्यांवरच्या मुलांसाठी आम्ही शाळा सुटल्यावर अभ्यासवर्ग घेतो. या तिमाहीत वर्गात ‘कचरा व स्वच्छता’ हा विषय घेतला. मुले बहुतेक पारधी कुटुंबांतली, काही ऊसतोड कामगारांची. आपल्यापैकी अनेकजण संडे स्कूल किंवा वसतिगृहात शिकवता, म्हणून हा पाठ कसा घेतला ते सविस्तर लिहिते.

विषय सोपा वाटतो, पण आमच्या मुलांपुढे तो जपून मांडावा लागतो. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढे पारध्यांसह अनेक जमातींवर जन्मतःच शिक्का बसला. सोलापुरात तर अशा लोकांना तारेच्या कुंपणात ठेवणारी सेटलमेंट होती. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला. शिक्का मात्र लोकांच्या तोंडी राहिला, आणि ‘चोर’ या शब्दाच्या जोडीला ‘घाणेरडे’ हाही शब्द आला. आमच्या वर्गातील काही मुलांच्या आया बाजार उठल्यावर भंगार वेचतात. त्यांच्यापुढे “कचरा वाईट” एवढेच म्हटले, तर मूल ते आपल्या आईबद्दलच ऐकते.

एका मुलाची गोष्ट सांगते. त्याच्या शाळेत वर्ग झाडायची वेळ आली की झाडू त्याच्याच हातात यायचा. “तुला सवय आहे,” असे कोणीतरी म्हणाले आणि मुले हसली. दुसऱ्या दिवसापासून तो शाळेत जाईना. म्हणून मी ठरवले की आमच्या वर्गात पहिला प्रश्न ‘कचरा कोण उचलतो’ हा असणार नाही. ‘कचरा कोण करतो’ हा असेल.

पाठ पहिला : कचरा कोण करतो? प्रत्येकाने एका दिवसात घरातून काय काय फेकले, त्याची यादी आणायची. झोपडीतल्या मुलांच्या यादीत चुलीची राख, कांद्याची सालं, एखादी पुडी. पक्क्या घरातल्या मुलांच्या यादीत दुधाच्या पिशव्या, बिस्किटांचे पुडे, शाम्पूच्या पुड्या, औषधांची पाकिटे, जुने सेल. याद्या शेजारी शेजारी लावल्या. जे विकत घेतो तेच फेकतो, हे मुलांनीच सांगितले. ज्यांना घाणेरडे म्हणतात त्यांची यादी सर्वांत आखूड निघाली, आणि वर्ग काही क्षण गप्प झाला.

पाठ दुसरा : वेगळे करणे. केंद्र सरकारच्या २०१६ च्या घनकचरा नियमांनी प्रत्येक घराला कचरा तीन भागांत द्यायला सांगितले होते : ओला, सुका आणि घरगुती घातक. ओला म्हणजे कुजणारा. सुका म्हणजे कागद, प्लॅस्टिक, काच, पत्रा. घातक म्हणजे सेल, बल्ब, रंगाचे डबे, मुदत संपलेली औषधे. वापरलेले सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून, खूण करून वेगळे द्यायचे. मुलींच्या वसतिगृहात हे संकोच न करता शिकवायला हवे, कारण उघडे पॅड कोणाला तरी हाताने उचलावे लागते.

नंतर एक प्रयोग केला. पाण्याच्या बाटलीचे आणि तिच्या झाकणाचे लहान तुकडे करून बादलीत टाकले. बाटलीचे तुकडे बुडाले, झाकणाचे तरंगले. दोन्ही प्लॅस्टिकच, पण जात वेगळी. म्हणून ती वेगवेगळी वितळवावी लागतात आणि भावही वेगळा येतो. शाळा सोडलेला तो मुलगा आता आमच्या वर्गात येत होता. हे सारे त्याला आधीच ठाऊक होते. त्याने वेफर्सचे चकचकीत पाकीट उचलले आणि म्हणाला, “बाई, ह्ये कोन घेत न्हाय. भंगारवाला परत देतोय.” बरोबरच होते. त्या पाकिटात प्लॅस्टिक आणि धातूचा पातळ थर एकमेकांना चिकटवलेले असतात, ते सुटे करणे परवडत नाही. त्या दिवशी उरलेला तास त्यानेच घेतला.

पाठ तिसरा : ओल्याचे खत. पुसदच्या नारायणराव पांढरीपांडे यांनी काढलेली ‘नाडेप’ पद्धत महाराष्ट्रातील शेतकऱ्यांना परिचित आहे. १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच अशी जाळीदार विटांची टाकी बांधून तिच्यात पालापाचोळा, शेणकाला आणि माती यांचे थर द्यायचे. ओल टिकवली की साधारण तीन ते चार महिन्यांत खत होते. आम्ही टाकाऊ विटांची लहान टाकी रचली. आपल्या भागात उसाचे पाचट सहज मिळते. ते शेतात पेटवले तर धूर होतो. कुजवले किंवा सरीत पसरले तर जमिनीला ओल आणि सेंद्रिय कस मिळतो.

पाठ चौथा : साचलेले पाणी. डेंगीचा डास स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि साधारण आठ-दहा दिवसांत नवा डास उडतो. म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस. टायर, करवंट्या, फुटके डबे उपडे करायचे. रांजण घासून, कोरडा करून पुन्हा भरायचा. प्लॅस्टिक चुलीत किंवा शेकोटीत घालायचे नाही, कारण त्याचा विषारी धूर आधी घरातल्या लेकरांच्या छातीत जातो.

पाठ पाचवा : झाडूची पाळी. हा पाठ मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. भिंतीवर पाळीचा तक्ता लावला. त्यात सर्वांची नावे आहेत, मुलगे-मुली दोघांची, आणि सोमवारी माझे. संडासही पाळीनेच स्वच्छ होतो. फडा, बादली आणि हातमोजे ठेवले आहेत, शेवटी साबणाने हात. उशीर झाला, गृहपाठ राहिला म्हणून कोणालाही झाडू द्यायचा नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास देण्यास मनाई केली आहे. शिवाय स्वच्छतेची शिक्षा केली, की स्वच्छता हे हलक्या माणसाचे काम आहे हेच मूल शिकते.

आषाढी वारीत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी वेळापुरात मुक्कामाला असते. पालखी भंडीशेगावकडे निघाली की मागे पत्रावळी, पेले, बाटल्या राहतात. त्या वेचणाऱ्यांत आमच्या मुलांची माणसे असतात. आपण ज्याला कचरा म्हणतो तो त्यांच्या कष्टाने पुन्हा माल होतो. पुण्यात १९९३ साली ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ स्थापन झाली. वेचणारे एकत्र आले आणि आपण कामगार आहोत हे त्यांनी ठामपणे मांडले. हे मी मुलांना सांगितले. त्यांनी मोठेपणी हेच काम करावे, असा त्याचा अर्थ नाही. त्यांनी शिकावे हीच आमची धडपड आहे. पण आईच्या कामाची लाज बाळगून शिकू नये.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात पाच हजारांचे जेवण आपण अनेकदा वाचतो. सर्व तृप्त झाल्यावर उरलेले तुकडे गोळा करायला प्रभूने शिष्यांनाच सांगितले आणि बारा टोपल्या भरल्या. ते काम त्याने गर्दीतल्या एखाद्या गरिबावर सोपवले नाही.

आपल्याकडून या वेळी तीन गोष्टी हव्या आहेत. मंडळीच्या प्रीतिभोजनात थर्माकोलची ताटे नकोत. राज्यात २०१८ पासून त्यांवर बंदीच आहे, स्टीलची ताटे वापरून आळीपाळीने धुवावीत. घरचा सुका कचरा धुऊन, वेगळा करून वेचणाऱ्या बाईच्या हातात द्यावा आणि तिला नावाने हाक मारावी. आणि आपल्या मंडळीच्या आवारात झाडूची पाळी लावावी, तिच्यात पंचांची व पाळकांचीही नावे असावीत.

तो मुलगा अजून शाळेत परतलेला नाही. गुरुजींशी बोलणे चालू आहे. तिथेही पाळीचा तक्ता लागावा एवढीच आमची विनंती आहे. त्याच्यासाठी प्रार्थना करा.