ब्रेकला हवेची मदत : गाडीचा बूस्टर घरच्या घरी कसा तपासावा?



हजार किलोची गाडी आपण एका पायाने थांबवतो. एवढी ताकद पायात असते का? नाही. त्यातला मोठा वाटा हवेचा असतो. आठवीच्या 'बल व दाब' या पाठाला जोडून हा विषय घेता येतो, आणि घरी गाडी असेल तर तो लगेच कामीही येतो.

हवा मदत कशी करते?

बॉनेट उघडा. चालकाच्या समोर, ब्रेक ऑईलच्या डबीमागे गोल, चपटा, बहुधा काळा डबा दिसेल. हा ब्रेक बूस्टर. त्याच्या आत रबरी पडदा असतो. इंजिन सुरू असताना डब्यातली हवा ओढून घेतली जाते. पेट्रोल गाडीत हे काम इंजिन करते, डिझेल गाडीत त्यासाठी पंप असतो. पेडल दाबले की पडद्यामागे बाहेरची हवा शिरते आणि पडद्याला पुढे ढकलते.

मुलांना हिशेब करू द्या. पडद्याचा व्यास २० सेंमी धरला तर क्षेत्रफळ सुमारे ३१४ चौ. सेंमी. दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक दर चौ. सेंमीला ०.६ किलो धरू. ३१४ × ०.६ = सुमारे १८८ किलो. पायाला एवढी जोड मिळते!

वर्गात दाखवायला सुई नसलेली सिरिंज पुरते. तोंडावर बोट दाबून दट्ट्या मागे ओढा आणि सोडा. तो झटकन आत जातो. त्याला आत ढकलणारी बाहेरची हवाच.

घरी करायच्या तीन तपासण्या

गाडी सपाट आणि मोकळ्या जागी लावा, बंद गॅरेजमध्ये नको. हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रलला ठेवा, चाकांना दगड लावा. पेडलवर मोठ्या माणसानेच बसायचे. मुलांनी बाजूला उभे राहून नोंद घ्यायची.

१. इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबा. ते कडक होईल. आता पाय दाबून ठेवूनच इंजिन सुरू करा. पेडल थोडे खाली गेले तर मदत मिळते आहे. तसेच कडक राहिले तर बूस्टर, त्याचा पाईप किंवा त्यावरचा एकमार्गी व्हॉल्व्ह तपासून घ्यावा लागेल.

२. इंजिन एक-दोन मिनिटे चालवून बंद करा. थोडे थांबून पेडल सावकाश तीन-चार वेळा दाबा. पहिल्यांदा ते खोल जाते, मग दर वेळी वरच अडते. हे ठीक. पहिल्यांदाच कडक लागले तर साठवलेली मदत कुठेतरी गळते आहे.

३. इंजिन सुरू असताना पेडल दाबून धरा, तसेच धरून इंजिन बंद करा आणि ३० सेकंद थांबा. पेडल जागेवर राहायला हवे. पायाला वर ढकलू लागले तर बूस्टरमध्ये गळती आहे.

पेडल दाबताना सतत 'फुस्स' आवाज येत असेल तर तोही मेकॅनिकला सांगा.

गल्लत होऊ नये म्हणून

पेडल कडक म्हणजे मदतीत बिघाड. पेडल स्पंजासारखे मऊ किंवा हळूहळू खाली जाणारे म्हणजे ब्रेक ऑईलच्या बाजूचा बिघाड. मेकॅनिकला नुसते 'ब्रेक लागत नाही' असे सांगू नका. पेडल कसे वागते ते सांगा. दोन्ही प्रकारांत दुरुस्ती होईपर्यंत गाडी रस्त्यावर काढायची नाही. इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाड्यांत ही मदत बहुधा विजेवर चालते, त्यांना या तपासण्या तशाच लागू पडत नाहीत.

सर्वांत महत्त्वाचे

आपल्याकडे पुसदच्या बाजूला घाट उतरताना काही जण पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करतात. दुसरी तपासणी आठवा : साठलेली मदत दोन-तीन दाबांतच संपते. पुढे ब्रेक असतो, पण सगळा जोर आपल्या पायाचा. स्टिअरिंगही जड होते. शिवाय आजच्या इंजेक्शनच्या गाडीत, गिअरमध्ये राहून अ‍ॅक्सिलरेटर सोडला की इंजेक्टर पेट्रोल जवळजवळ थांबवतातच. म्हणजे वाचत काही नाही, धोका मात्र पुरता.

मुलांना गृहपाठ द्या : तीनही तपासण्यांचा तक्ता करा – कृती, निरीक्षण, निष्कर्ष. आणि 'उतारावर इंजिन बंद का करू नये?' याचे उत्तर घरी गाडी चालवणाऱ्याला समजावून सांगा.