गुरुजी, जवळ या

१९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली. पुढे ती राज्यभर गेली. मोठ्या माणसांनी हाती पाटी घेतली.

आपला पुसद तालुका कापसाचा. दिवसभर राबून माणूस रात्री वर्गाला येतो. कुणाच्या घरी बंजारा बोली, कुणाच्या घरी मराठी. चुकलो तर लोक हसतील, म्हणून तो मागे बसतो. गुरुजी फळ्यापाशीच उभे राहिले, तर त्याची पाटी दिसायची कशी?

म्हणून आम्ही गुरुजींना सांगतो, रांगेतून फिरा. शेजारी बसा. कुणी 'घर' लिहायचे ते 'धर' लिहिले, तर रागावू नका. हळूच दाखवा. घ ची वरची रेघ सलग, ध ची तुटलेली. म ची सलग, भ ची तुटलेली. त्याच्या हातून पुन्हा लिहून घ्या, अन् मग पुढे जा.

भावांनो, बहिणींनो, तुम्हीही पाटी झाकू नका. आज चूक दिसली, तर उद्या कापसाच्या मापाची चिठ्ठी आपली आपण वाचाल. दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावे लागणार नाही.

वाचा व लिहा : घर, धर. भार, मार.