फक्त कामापुरता परवाना मिळेल का?

प्रश्न : दारू पिऊन दुचाकी चालवल्याचा गुन्हा नोंद झालाय. पोलादपूरहून महाड एमआयडीसीत पाळीला जाण्यापुरता तरी परवाना मिळेल का? (एक वाचक, पोलादपूर)

उत्तर : अमेरिकेतल्या अनेक राज्यांत असा मर्यादित परवाना मिळतो. पण आपल्या मोटार वाहन कायदा, 1988 मध्ये ‘घर ते कारखाना’ अशी सवलतच नाही. मात्र एक फट आहे, तीही बारीक. कलम 20 नुसार न्यायालय सर्व वाहनांवर बंदी घालू शकते किंवा एखाद्याच प्रकारच्या वाहनावर. वकिलाने हा मुद्दा मांडून पाहावा.

रक्तात 100 मिलिलिटरमागे 30 मिलिग्रॅमहून अधिक अल्कोहोल आढळले, तर कलम 185 लागते : पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, 10,000 रुपये दंड किंवा दोन्ही. न्यायालयात दोषी ठरल्यास किमान सहा महिने परवान्यावर पाणी.

पोलिसांनी जप्त केलेला परवाना परवाना प्राधिकाऱ्याकडे जातो. पोलादपूरकरांसाठी ते पेणचे आरटीओ. तिथे बाजू मांडण्याची संधी मिळते. पहिल्या गुन्ह्याला प्राधिकाऱ्याकडून तीन महिने अपात्रता, दुसऱ्याला परवानाच रद्द. आदेशाविरुद्ध अपिलाला 30 दिवस.

तोवर एसटी. बंदीच्या काळात गाडी हाकताना सापडल्यास कलम 182 चा नवा गुन्हा.