डांबराचा मोह

१. चित्रात आधी गोष्ट शोधायची, ही माझी जुनी खोड. डेव्हिड विल्कीच्या १८२२ सालच्या चित्रात चेल्सीचे पेन्शनर सैनिक वॉटर्लूच्या विजयाची बातमी ऐकतायत, एवढं कळलं की मी पुढच्या चित्राकडे निघालो! त्यातली कालवं दिसली ती फार उशिरा. युरोपचा नकाशा बदललाय आणि इथे रस्त्यावर खाणंपिणं चाललंय. हे चित्र वॉटर्लूचा विजेता सेनापती वेलिंग्टन याने १२०० गिनी मोजून काढवून घेतलं. तो स्वतः त्यात कुठेच नाही.

२. साध्या माणसांची चित्रं बघायला गर्दी कशाला होईल, असं मला वाटायचं. पण लंडनच्या रॉयल अकादमीत विल्कीच्या या चित्रापुढे इतकी झुंबड उडाली, की कठडा घालावा लागला.

३. रंग हीसुद्धा एक वस्तूच असते, हे माझ्या हौशी डोक्यात शिरायला वेळ लागला. विल्कीच्या काळात तेलरंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत मिळायचा. टोचायचं, पिळायचं, भोक बुजवायचं. कथिलाच्या ट्यूबचं पेटंट जॉन रँडने घेतलं १८४१ साली. विल्की वारला तोही त्याच वर्षी. आणि आम्ही ट्यूबचं झाकण अडकलं म्हणून वैतागतो!

४. सुंदर दिसतं ते टिकतंच असं नाही. पण हे इतकं शब्दशः खरं असेल असं वाटलं नव्हतं. विल्कीच्या पिढीतल्या चित्रकारांना रंग म्हणून डांबराचा मोह पडला. पातळ लावलं की मधाळ, पारदर्शक तपकिरी. अंधाऱ्या झोपडीचा कोपरा क्षणात उबदार व्हायचा. पण डांबर पुरतं वाळतच नाही. वरचा थर वाळतो, खालचा हलत राहतो, आणि कॅनव्हासला मगरीच्या पाठीसारख्या भेगा पडतात. विल्कीच्या उत्तरायुष्यातल्या अनेक चित्रांची हीच गत झाली. फ्रेंच चित्रकार जेरिकोचं ‘मेड्युसाचा तराफा’ही काळवंडत गेलं. तरी मी त्यांना नावं ठेवणार नाही. तो तपकिरी रंग पाहिल्यावर हात आवरणं कठीणच होतं.

५. गरिबी हसतखेळत रंगवता येते, पण त्याला नजर औषधविक्याची लागते. चिमूटभर इकडेतिकडे झालं तर सगळं बिघडतं. जर्मन चित्रकार कार्ल श्पिट्झवेगचं शिक्षण त्याच धंद्यातलं. त्याच्या १८३९ सालच्या ‘गरीब कवी’ या चित्रात कवीच्या बिछान्यावर गळक्या छपराखाली छत्री टांगलीय. शेगडीपाशी हस्तलिखितांची जुडी आहे. तिच्यावर लॅटिनमध्ये लिहिलंय, माझ्या लेखनाचा तिसरा गठ्ठा. पहिल्या दोन गठ्ठ्यांचं काय झालं असेल, ते तुम्हीच ठरवा.