डीएम झालेल्या भाच्यास



मित्रांनी तुला ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’चा डीएम, म्हणजे खेळ चालवणारा ‘डन्जन मास्टर’, केलं आणि पहिल्याच बैठकीत अदृश्य होण्याच्या मंत्रावरून भांडण जुंपलं, असं ताईने कळवलं. उत्तमच झालं. त्या नियमाने तुझ्याआधी पुष्कळांना भांडायला लावलंय.

२०१४च्या ‘प्लेअर्स हँडबुक’मध्ये अदृश्यतेचे दोन मुद्दे सुटेसुटे छापले होते. पहिला, असा प्राणी जादू किंवा विशेष इंद्रियाशिवाय दिसत नाही. दुसरा, त्याच्या हल्ल्याला अ‍ॅडव्हांटेज मिळतो (दोन फाशांतला मोठा आकडा) आणि त्याच्यावरच्या हल्ल्याला लहान आकड्याचा डिसअ‍ॅडव्हांटेज. दुसऱ्याला पहिल्याची अट नव्हतीच! त्यामुळे ‘सी इनव्हिजिबिलिटी’ मंत्राने अदृश्य शत्रू लख्ख दिसू लागला, तरी कागदोपत्री त्याचा फायदा कायम. नियमांचे तेव्हाचे प्रमुख जेरेमी क्रॉफर्ड यांनीही अक्षरार्थ तसाच होतो, असं सांगितलं. २०२४च्या आवृत्तीत मात्र दुरुस्ती झाली: ज्याला तो प्राणी दिसतो, त्याच्यापुढे तो फायदा नाही.

अशा वेळी डीएमने आधी छापलेलं वाक्य मोठ्याने वाचावं. मग विचारावं, हा अर्थ धरला तर जग कसं होतं? दिसणारा शत्रू न दिसल्यासारखा लढत असेल, तर ते जग टेबलावर कुणालाच पटत नाही. निर्णय चटकन द्यावा, वहीत टिपावा आणि तोच राक्षसांनाही लावावा. सगळं काही पुस्तकात सापडेल, ही अपेक्षाच चूक. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या मूळ पेटीत तीन बारक्या पुस्तिका होत्या. रानातल्या प्रवासासाठी त्यांनी चक्क दुसऱ्या कंपनीच्या ‘आउटडोअर सर्व्हायव्हल’ या खेळाचा पट सुचवला होता.

सेटिंगचं, म्हणजे खेळातल्या जगाचंही तसंच: ते वर्णनापेक्षा नियमांतून दिसावं. राजघराण्यांच्या वंशावळी वाचून दाखवणारा डीएम खेळाडूंना झोपवतो. १९९१चं ‘डार्क सन’ बघ. अथास या होरपळलेल्या जगात धातू दुर्मीळ, म्हणून नाणी भाजलेल्या मातीची आणि शस्त्रं हाडाची, दगडाची, लाकडाची. या शस्त्रांचा नेम आणि घाव धातूच्या शस्त्रांपेक्षा कमी. खेळाडूने फासा टाकला की वाळवंट त्याला आकड्यातच भेटतं. वर्णनाची गरज निम्मी होते.

आणि या खेळातला आपला राक्षस! १९७७च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मध्ये तो वाघाच्या डोक्याचा, पाइप ओढणारा आहे. पुजाऱ्याने मंतरलेल्या क्रॉसबोच्या बाणाने तो मरतो. हे रामायणातलं नव्हे. ही युक्ती ‘कोलचॅक’ या अमेरिकी टीव्ही मालिकेतून आली. रावणाला ओळखणाऱ्या मुलांना हसू येणारच. तुला हवा तो राक्षस घे, त्याचा नियम बदललास तरी माझी हरकत नाही. पण मंतरलेला बाण ठेवणार असशील, तर त्या शहरात बाण मंतरतं कोण, दक्षिणा किती आणि राजा आपल्या पहारेकऱ्यांना ते बाण देतो की नाही, हे ठरवून बस. बाण मंतरणाऱ्या देवळाच्या दारात उभं राहून खेळाडूंनी तुला शंभर प्रश्न विचारले, तर सेटिंगमधली भटकंती सुरू झाली असं समज.

गणपतीला येशील तेव्हा निर्णयांची वही आण, आणि माझ्यासाठी एक पात्र तयार ठेव. चेटक्या नको, धनुर्धर चालेल.

तुझा,
मामा